बागेतील बाक आणि श्रावकाचा विवेक

घराभोवती थोडी मोकळी जागा असावी आणि सायंकाळी तेथे टेकावयास एखादे बाक असावे, ही इच्छा गृहस्थास स्वाभाविकच होय. परंतु दुकानातील माल चारदा पारखून घेणारा आपला व्यापारी बंधू बागेचे बाक घेताना बहुधा किमतीपलीकडे पाहत नाही. आम्हीही हीच चूक केली. स्वस्त पडले म्हणून आंब्याच्या लाकडाचे बाक बेळगावच्या आमच्या अंगणात मांडले. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पाय पोकळ झाले व आत वाळवी निघाली. सुतार म्हणाला, “औषध मारा.” ते औषध म्हणजे विषच! वाळवी हा त्रीन्द्रिय जीव. त्यास जाणूनबुजून मारणे ही संकल्पी हिंसा. बाक तसेच ठेवावे, तर कीड घरात शिरावयाची. या पेचातून आम्हांस जे उमगले, ते येथे मांडीत आहोत.

मूळ गोष्ट एकच आहे : जेथे पाणी मुरते, तेथे जीवोत्पत्ती होते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी वाढते, आणि कुजू लागलेल्या लाकडाकडे वाळवी ओढली जाते. म्हणून बैठकीच्या पट्ट्यांत पाणी निथळण्यापुरती फट असावी आणि सांध्यांत पाणी साचेल अशी खाच नसावी. पाय मातीत न पुरता फरशीच्या तुकड्यांवर टेकवावेत. कारण वाळवी बहुधा जमिनीतूनच चढते.

लाकडांत साग श्रेष्ठ, हे दांडेलीच्या रानाशेजारी राहणाऱ्या आपणांस सांगावयास नको. पण नुसते ‘साग’ म्हणून भागत नाही. खोडाच्या आतील गडद भागात कीड व बुरशी यांना रोखणारी द्रव्ये असतात. बाहेरच्या फिकट भागात ती जवळजवळ नसतात आणि किडीचे खाद्य मात्र असते. म्हणून प्रत्येक फळी उलटून पाहावी व फिकट कड असलेली बाजूस सारावी. उन्हापावसाने साग पुढे करडा पडतो; तो केवळ वरचा रंग होय, कुजणे नव्हे. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत. साधा लोखंडी स्क्रू गंजून लाकूड सैल करतो.

धातूचे सामान घेताना गावाचे हवामान पाहावे. बेळगावात जस्ताचा मुलामा देऊन वर रंग लावलेले लोखंड चांगले टिकते. गोव्याच्या किनाऱ्यावरील आपल्या बांधवांना मात्र खाऱ्या वाऱ्याशी गाठ आहे. तेथे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादावरही तांबूस डाग पडतात. ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ती ३१६ प्रत मागावी. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही आणि वजनास लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश असते. म्हणून वृद्धांच्या घरी ते सोयीचे. साधे प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते व तडकले की दुरुस्त होत नाही.

दगडी बाकास कीड लागत नाही. तथापि काळा कडप्पा दुपारी फार तापतो, आणि सतत सावलीत ठेवलेल्या दगडावर शेवाळ धरते, जे आपण अनंतकाय मानतो. यास्तव ते सकाळचे ऊन लागेल अशा जागी बसवावे.

आता थोडा हिशेब. समजा, एक बाक ३००० रुपयांचे असून ३ वर्षे टिकले, आणि दुसरे १२००० रुपयांचे असून २० वर्षे टिकले. पहिल्याचा वार्षिक खर्च १००० रुपये, दुसऱ्याचा ६००. स्वस्त कोणते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगणे नलगे.

चातुर्मास लागण्यापूर्वी हलक्या खुर्च्या पडवीत घ्याव्यात. जड बाक मऊ कुंच्याने हळुवार झाडावे, म्हणजे त्याच्या आश्रयास आलेले जीव दुखावणार नाहीत. अनेक कच्च्या वस्तू घेऊन टाकण्यापेक्षा एकच पक्की वस्तू पारखून घ्यावी, यात परिग्रहाची मर्यादाही आपोआप सांभाळली जाते. कीड लागल्यावर दया कशी करावी हा प्रश्न कठीण आहे. कीड लागूच नये अशी निवड करणे त्या मानाने पुष्कळ सोपे आहे.