शेपटीमागचा दोर

जबलपूरच्या गढ्यात ऊन तापलं की मदनमहालाच्या टेकडीवर घारी घिरट्या घालू लागतात. ग्रॅनाइटचे धोंडे तापतात, त्यांच्यावरची हवा वर चढते आणि त्या हवेवर घार पंख न हलवता चढत जाते. ग्लायडरचं उडणंही असंच. पण घार आपल्या बळावर जमीन सोडते, ग्लायडरला कुणीतरी वर न्यावं लागतं. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात १९५० पासून ग्लायडर उडू लागले. तिथे जमिनीवरचं विंच तार गुंडाळत त्यांना वर खेचायचं. दुसरी रीत म्हणजे विमानाच्या शेपटीला दोर बांधून ओढत नेणं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या क्लबांनी या कामाला लष्करातून निवृत्त झालेलं एक विमान जुंपलं : टायगर मॉथ.

मॉथ म्हणजे पतंग. विमानाचे कर्ते जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांचा छंद होता, म्हणून हे नाव. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंखांवर ताणलेलं कापड, १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, वैमानिकांच्या डोक्यावर. पुढे बसलेल्याला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला आणि बिघडलेला तोल सावरायला पंख मागे कलते केले. ब्रेक नाहीत; पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. आठ हजारांहून जास्त विमानं बनली. युद्धकाळात आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांत हवाईदलाची मुलं यावरच पहिले धडे गिरवत.

पुढे त्याची जागा घेणारं एचटी-२ हे धातूचं, एकपंखी विमान बंगळुरूला तयार झालं. १९५१ साली ते उडालं. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. युद्धाच्या काळात त्यांनी सैनिकांना नेणारं जी-१ हे ग्लायडरही आखलं होतं. घाटगे हे नाव आपल्या घराघरांत माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

टायगर मॉथ ओढकामाला चांगलं, कारण ते कमी वेगात निवांत उडतं. वैमानिक एकटा असेल तर मागच्या आसनावर बसतो, पुढचं रिकामं. पण त्याचा हलकेपणाच घातक ठरू शकतो. रिकामं टायगर मॉथ साधारण पाचशे किलोचं. दोन माणसं बसलेलं ग्लायडरही जवळपास तेवढंच भरतं.

जमीन सुटून थोडाच वेळ झालेला असतो. ग्लायडरचा वैमानिक क्षणभर दुसरीकडे बघतो, किंवा त्याचं नाक जरा जास्त उचललं जातं, आणि ग्लायडर दोरीवरच्या पतंगासारखं वर झेपावतं. दोर ताठ होऊन विमानाची शेपटी वर खेचतो. ओढणाऱ्या विमानाचा वैमानिक दांडा पोटाशी ओढून धरतो, पण शेपटीवरच्या एलिव्हेटरची ताकद पुरत नाही. नाक खाली वळतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं, आणि शंभर-दीडशे मीटरवर विमान सावरायला खाली जागाच उरत नाही.

दोराला मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवतात, जास्त ताण आला की तुटावा म्हणून. पण शेपटी उचलायला लागणारा जोर तो दुवा तुटण्याच्या जोरापेक्षा कमी असू शकतो. दोर सोडायची मूठ ओढावी, तर दोर धरणारा आकडा ताणाखाली अडकून बसू शकतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या अनुभवी वैमानिकांनी जाणूनबुजून उंचावर जाऊन हा प्रसंग घडवून पाहिला. हाताला हालचाल करायला मिळणारा वेळ किती थोडा आहे, हे त्यांना तिथेच कळलं.

यात ग्लायडरवरचा आकडा कुठे आहे यालाही फार महत्त्व आहे. विंचसाठी तो ग्लायडरच्या पोटाखाली असतो, तिथे तेच बरोबर. विमानामागे ओढताना मात्र पोटाचा आकडा नाकाला खाली धरत नाही, त्यामुळे ग्लायडर सहज वर उसळतं. नाकाजवळचा आकडा त्याला आवरून धरतो. म्हणून दोन्ही कामांसाठी वेगळे आकडे असावेत, असं मला ठामपणे वाटतं.

ओढणाऱ्या विमानात आरसा असतो, पण खरी जबाबदारी मागच्या माणसाची. ग्लायडर चालवणाऱ्याला पहिल्या दिवसांतच शिकवतात : समोरचं विमान नजरेआड झालं, की विचार करत बसू नकोस, पिवळी मूठ ओढ आणि दोर सोड.