सक्रिय दीर्घिकांचे सापेक्षीय झोत आणि गॅमा किरणांचे उत्सर्जन

धाराशिव जिल्ह्यातून चैत्र-वैशाखाच्या रात्री उत्तरेस सप्तर्षी ठळकपणे दिसतात. त्याच तारकासमूहाच्या क्षेत्रात मार्केरियन 421 ही दीर्घिका आहे. सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तथापि 1992 मध्ये अमेरिकेतील व्हिपल दुर्बिणीने तिच्यापासून येणारे, दृश्य प्रकाशाच्या शंभर अब्ज पटींहून अधिक ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. हे किरण तेथून निसटतातच कसे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रस्थानी प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर असते. काही दीर्घिकांत त्याच्या परिसरातून द्रव्याचे दोन झोत जवळजवळ प्रकाशवेगाने बाहेर पडतात. त्यांपैकी एक पृथ्वीच्या रोखाने असल्यास त्या दीर्घिकेस ब्लेझार म्हणतात. झोतातील वेगवान इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांना आपली ऊर्जा देऊन त्यांचे गॅमा किरणांत रूपांतर करतात, असे सामान्यतः मानले जाते. प्रोटॉनांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

मे 1996 मध्ये मार्केरियन 421 चे गॅमा तेज अवघ्या अर्ध्या तासात कित्येक पटींनी वाढून ओसरले. अर्ध्या तासात प्रकाश 54 कोटी किलोमीटर जातो. म्हणजे उत्सर्जनाचे क्षेत्र सूर्य-गुरू अंतराहूनही लहान ठरते. इतक्या दाटीत गॅमा फोटॉन इतर फोटॉनांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतरित व्हावयास हवेत. ते पृथ्वीवर पोहोचतात, कारण स्रोत आपल्याकडेच झेपावत असल्याने त्याचा काळ आकुंचित व ऊर्जा वाढलेली भासते. हा परिणाम सुमारे 10 पट किंवा अधिक मानल्यास क्षेत्र विस्तारते, दाटी विरळ होते आणि पेच सुटतो. वर्गात आगगाडी व घड्याळांच्या उदाहरणांनी शिकविली जाणारी सापेक्षता येथे प्रत्यक्ष निरीक्षणाची अट बनते.

हे किरण वातावरणात कणांचा वर्षाव घडवितात व त्यातून काही अब्जांश सेकंद टिकणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निर्माण होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भारतीय खगोलभौतिकी संस्थेसह लडाखमधील हानले येथे उभारलेल्या सात दुर्बिणींच्या संचाने फेब्रुवारी 2010 मध्ये याच दीर्घिकेचा उद्रेक नोंदविला. तेथेच सुमारे 4,270 मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची मेस दुर्बीण असून तिचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. उंचीमुळे चेरेन्कोव्ह प्रकाश कमी क्षीण होतो, म्हणून तुलनेने अल्प ऊर्जेचे गॅमा किरणही तिच्या टप्प्यात येतात.