सहावर सोळा शून्यं, तीही पोटात!

दीड किलोचं यकृत, उजव्या बरगड्यांच्या आडोशाला गुपचूप बसलेलं. त्यात पेशी किती असतील? ढोबळ हिशेबाने दहा हजार कोटी! एक पेशी 20 मायक्रॉनची धरू आणि सगळ्यांची एकापुढे एक रांग लावू. रांग भरते 2,000 किलोमीटरची. म्हणजे मुंबईहून पुण्याला पाच वेळा जाऊन या!

दमू नका, ही नुसती सुरुवात. प्रत्येक पेशीत जनुकांचे निरोप नेणारे आरएनएचे धागे असतात, हात राखून मोजले तरी दोन लाख. धाग्याची लांबी अर्धा मायक्रॉन धरू. टोकाला टोक जोडलं की एका यकृतातून निघतात एक कोटी किलोमीटर! 1930 पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने सणवार न पाहता रोज पुणे-मुंबई-पुणे केलं, तरी तेवढं अंतर कापायला तिला 71 वर्षं लागतील.

आता खरी गंमत. या धाग्यांवर बारीक रासायनिक खुणा असतात. आरएनएवरच्या खुणांचे प्रकार 170 हून जास्त! त्यातली एक एम-सिक्स-ए, 1974 मध्ये सापडलेली. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स, चार अणूंची चिकटपट्टी. धाग्यामागे सरासरी तीन धरा आणि करा गुणाकार. सहावर सोळा शून्यं! खुणेमागे एक रुपया ठेवला, तर 140 कोटी भारतीयांना माणशी चार कोटी वाटूनही पैसे उरतील. आणि हे सगळं एकाच माणसाच्या यकृतात!

कोणता निरोप किती टिकणार, यात या खुणांचा मोठा हात. काही प्रथिनं खुणा लावतात. एफटीओ नावाचं प्रथिन त्या पुसतं, हे 2011 मध्ये कळलं. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की एफटीओ मोकाट सुटलं की चरबी बनवण्याचे निरोप वाढतात आणि पेशी चरबीने फुगतात. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली, की डॉक्टर म्हणतात फॅटी लिव्हर. पाच टक्के म्हणजे 500 कोटी पेशी! भारतात तीन प्रौढांमागे साधारण एकाच्या नशिबी हे आलंय.

एवढ्या अगडबंब आकड्यांवरचा उतारा मात्र एकआकडी आहे. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरवा. 80 किलोंच्या माणसाने चार किलो घटवले, तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. फक्त चार किलो. तेवढं मनावर घ्या!