संकटाचा पहिला प्रहर आणि वस्तीचा अधिकार

आपत्तीनिवारणाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाणी ओसरल्यावर सुरू होते आणि पंचनाम्यापाशी येऊन थांबते. मदत वेळेवर पोचली की नाही, लष्कराला केव्हा बोलावले, धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्या गदारोळात एक साधी वस्तुस्थिती नेहमी झाकली जाते. कोणत्याही मोठ्या संकटाच्या पहिल्या प्रहरात शासन नावाची संस्था घटनास्थळी नसते. ती असू शकत नाही, कारण रस्ते बंद असतात, तारा तुटलेल्या असतात आणि खुद्द शासनाची माणसेही त्याच संकटात सापडलेली असतात. त्या वेळी तेथे असतात ते फक्त शेजारी. माळीण हे गाव ३० जुलै १९१४ रोजी नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१४ साली त्याच दिवशी डोंगराखाली गाडले गेले. गाव दिसत नाही, ही वार्ता बाहेर नेली ती एस. टी.च्या एका चालकाने, हे सर्वांना आठवत असेल. तेथे तर शेजारीही उरले नव्हते.

शेजाऱ्यांच्या या पहिल्या प्रहराचे मोल जपानइतके कोणी मोजले नसेल. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर भूकंपाने हादरले. ६,४३४ माणसे त्यात गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली त्यांपैकी फार मोठा वाटा अग्निशामक दलाने किंवा सैन्याने नव्हे, तर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढला होता. त्याच भूकंपात आवाजी बेटावरील होकुदान हे छोटे गाव अगदी भ्रंशरेषेवर होते. तेथे सुमारे ३०० माणसे पडक्या घरांखाली अडकली. गावच्या स्वयंसेवी अग्निपथकाने आणि शेजाऱ्यांनी त्या सर्वांचा शोध त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी पूर्ण केला. ३९ जण दगावले, पण बेपत्ता असा कोणी राहिला नाही. हे कसे साधले, याचे उत्तर विलक्षण घरगुती आहे. कोणत्या घरात किती माणसे राहतात आणि त्या घरची म्हातारी कोणत्या खोलीत, कोणत्या बाजूला निजते, हे पथकातील माणसांना ठाऊक होते. त्यामुळे ढिगारा कोठे उपसावयाचा हे त्यांना विचारावे लागले नाही.

हे ज्ञान कोणत्याही कलेक्टर कचेरीतील नकाशावर नसते. ते वस्तीपाशीच असते, आणि वस्ती जर संघटित नसेल तर ते विस्कळीत राहून वाया जाते. कोबेने हा धडा मनावर घेतला. भूकंपानंतर त्या शहराने प्राथमिक शाळेचा परिसर हे एकक धरून वस्तीवस्तीत मंडळे उभी केली. त्यांच्याकडे आपत्तीची तयारी आणि वृद्ध-अपंगांची देखभाल ही दोन्ही कामे एकत्र सोपविली. ही जोडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. केवळ भूकंपाची वाट पाहत बसणारे मंडळ दोन वर्षांत मोडून पडते. दर महिन्याला एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी डोकावणारे मंडळ मात्र टिकते, आणि भूकंपाच्या दिवशी कोणत्या दारावर आधी थाप मारावयाची हे त्याला शिकवावे लागत नाही.

आपल्या सांगलीकडे पाहिले तरी हेच दिसेल. पावसाळ्यात सांगलीचा माणूस कृष्णेची गोष्ट फुटांत बोलतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तेथे शाळकरी पोरालाही पाठ असते. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, कोणाचे जोते बुडते आणि कोणाचे वाचते, याचा हिशेब लोकांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. तथापि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे पाठांतर अपुरे पडले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. गावात नाव होती, ती चालविण्याची हिंमतही होती. परंतु एका खेपेला किती माणसे घ्यावयाची, प्रत्येकाला तरंगण्याचे साधन आहे काय, आणि घाबरलेल्या जमावाला काठावर थांबवून धरणारा अधिकारी आवाज कोणाचा, हे आधी ठरविण्याची गोष्ट असते. शेजारधर्म आपल्याकडे भरपूर आहे. उणीव आहे ती त्याच्या पूर्वतयारीची.

मुंबईचा २६ जुलै २००५ हा दिवस तर शेजारधर्माच्या कौतुकात आपण पुरता विरघळवून टाकला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याला तो ७३ मिलिमीटरच्या आसपास होता, म्हणजे दक्षिण टोकावर बसलेल्या सत्तेला उपनगरात काय चालले आहे याची कल्पना येण्यास निसर्गानेच अडथळा आणला. लोकांनी दोर बांधून अनोळखी माणसांना पलीकडे नेले, घरे उघडली, चहा-बिस्किटे वाटली. हे सर्व खरे आहे आणि अभिमानास्पद आहे. पुढे या गुणाला ‘मुंबईकरांची जिद्द’ असे नाव मिळाले आणि ते नाव महापालिकेच्या फार सोयीचे ठरले. नागरिक आपण होऊन इतके करतात म्हटल्यावर त्यांना अधिकार, पैसा किंवा प्रशिक्षण देण्याची निकड उरते कोठे?

कायदा काय म्हणतो ते पाहिले तर हा संशय अधिकच बळावतो. २००५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्षपद मिळाले, एवढीच लोकनियुक्त छटा जिल्हास्तरावर दिसते. स्थानिक संस्थांनी आपली माणसे प्रशिक्षित ठेवावीत, साधने सज्ज ठेवावीत, असे कायदा सांगतो. लोकसमूहाचा उल्लेख येतो तो मुख्यतः ज्याला प्रशिक्षण द्यावयाचे, ज्याच्यात जागृती करावयाची, असा विद्यार्थी म्हणून. निर्णयात भाग घेणारा घटक म्हणून तो येत नाही. २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद झाली. शहराची आपत्ती जिल्ह्याहून निराळी असते हे त्यात मान्य झाले, ही चांगली गोष्ट. मात्र त्याचेही अध्यक्षपद महापालिका आयुक्तांकडे आहे. नगरसेवक आणि नागरिक पुन्हा उंबऱ्याबाहेरच.

याउलट, वस्तीला आवाज देणारा कायदाही आपल्याकडे आहे, आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. महाराष्ट्रात त्या नगरसेवकांच्याच समित्या झाल्या. स्वयंसेवी संस्थांतील तीनपर्यंत व्यक्ती त्यांवर नेमण्याची सोय तेवढी ठेवली. पुढे केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचे पैसे हवेत तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट आली. ती पुरी करण्यासाठी २००९ साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, आणि काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील मतदार हे तिचे सभासद. कल्पना उत्तम. परंतु पैशासाठी केलेल्या कायद्याची जी गत होते तीच हिचीही झाली. आपल्या भागाची क्षेत्रसभा कधी भरली होती, असा प्रश्न एखाद्या शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत विचारून पाहावा; बहुतेकांना हा शब्दच नवा वाटेल. त्यात भर म्हणजे २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांनी हाकला. या काळात पावसाळे नेमाने येत राहिले, सभा भरविणारा नगरसेवक मात्र पदावर नव्हता.

माझे म्हणणे असे की, क्षेत्रसभेला काम नाही म्हणून ती मेली आहे, आणि आपत्तीच्या तयारीला धनी नाही म्हणून ती कागदावर राहिली आहे. या दोघींची गाठ घालून द्यावी. पावसाळ्यापूर्वी एक सभा आणि पावसाळ्यानंतर एक. पहिलीत तीन गोष्टी निश्चित व्हाव्यात. पाणी कोठून शिरते आणि कोणती गटारे अजून उपसलेली नाहीत. आधाराविना हलू न शकणारी माणसे कोणत्या घरांत आहेत. आणि आसरा कोठे, त्याची किल्ली कोणाकडे. दुसरीत, यांपैकी काय फसले त्याचा हिशेब अधिकाऱ्यांच्या देखत मागावा. यासाठी लागणारा निधी मोठा नाही. दोर, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, एखादा पंप एवढ्याला लागेल तेवढाच. परंतु तो सभेच्या ठरावाने खर्च झाला पाहिजे, नगरसेवकाच्या फलकासह वाटला जाता कामा नये.

असहाय माणसांची यादी म्हटली की कोणी विचारील, आमच्या घरचे आजारपण शेजाऱ्यांना कशाला कळावे? शंका रास्त आहे. एकटी राहणारी वृद्धा कोठे आहे ही माहिती चोरालाही उपयोगी पडते. जपानने २०१३ साली कायद्यात दुरुस्ती करून यावर मार्ग काढला. यादी नगरपालिकेने करावयाची; एरवी ती त्या त्या व्यक्तीच्या संमतीनेच वस्तीच्या मंडळाला द्यावयाची; प्रत्यक्ष संकट कोसळले तर मात्र संमतीवाचूनही ती उघडता येते. एवढी बारीक तरतूद आपल्याही नियमांत सहज बसेल.

वस्तीला अधिकार द्या म्हणणाऱ्याने वस्तीचा दुसरा चेहराही पाहिला पाहिजे, आणि येथेही जपानचीच साक्ष काढावी लागते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो-योकोहामाच्या परिसरात, कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत अशी अफवा उठली. गल्लोगल्लीच्या ‘रक्षक’ टोळ्यांनी कोरियन माणसांना मोठ्या संख्येने ठार मारले. पोलीस आणि सैनिक त्यापासून अलिप्त होते असेही नाही. १९४० मध्ये तेथील सरकारने शेजारगटांना शिधावाटपाला आणि शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याला जुंपले. म्हणूनच युद्धानंतर, १९४७ साली दोस्तांच्या अंमलाने ते बरखास्त केले. आज जपान १ सप्टेंबर हा आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळतो, त्या तारखेच्या पोटात हेही दडलेले आहे. शेजार जसा ढिगारा उपसतो तसा तो ढिगाराही करू शकतो.

आपल्याकडे याचे उलट उदाहरणही आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांबरोबर बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्या शांततेच्या दिवसांत भेटत होत्या, परस्परांचे चेहरे ओळखत होत्या. म्हणून अफवेची शहानिशा करण्यास माणूस हाताशी होता. पूर असो वा दंगल, ओळख आधी करून ठेवावी लागते.

आणि ओळख कोणाची, हा तर खरा कळीचा मुद्दा. क्षेत्रसभा मतदारांची. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभा घरमालकांच्या. पण पाणी आधी शिरते ते ज्यांचे नाव बहुधा या दोन्ही याद्यांत नसते त्यांच्या खोलीत: तळमजल्यावरचा भाडेकरू, जिन्याखाली राहणारा पहारेकरी, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर, ओढ्याकाठच्या झोपडीतील मोलकरीण. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याचा आंबिल ओढा फुगला, तेव्हा अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून वस्तीतली माणसे दगावली. ओढ्याच्या एका अंगाला संस्थांची कुंपणे, दुसऱ्या अंगाला वस्ती. दोहोंना एकत्र बसविणारी बैठक कोठेच नव्हती. तेव्हा सभेची मर्यादा मतदारयादीवर नव्हे, रहिवासावर ठरली पाहिजे. हे झाले नाही तर वस्तीचे मंडळ म्हणजे वाहने कोठे उभी करावीत यावर वाद घालणारा सुखवस्तूंचा आणखी एक अड्डा होईल.

आमच्या मंडळांना हे जमणार नाही, ती फक्त वर्गणी गोळा करतात, असे म्हणण्याची एक फॅशन आहे. ती अन्यायाची आहे. गणेशोत्सवाचे मंडळ दहा दिवस मांडव उभा ठेवते, विजेची सोय करते, गर्दी आवरते, रात्रपाळ्या लावते. आपत्तीत लागणारी जवळजवळ सर्व कौशल्ये त्यात आली. १९७१ च्या युद्धात काचांना काळे कागद लावून घेणारे नागरी संरक्षणाचे वॉर्डनही गल्लीतलीच माणसे होती. माणसे आहेत, त्यांना बांधणारी रचना विस्मरणात गेली आहे.

अलीकडे शासनाने ‘आपदा मित्र’ या योजनेतून स्वयंसेवक तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. ते स्वागतार्ह असले तरी असा प्रशिक्षित तरुण आपल्या वस्तीत कोण आहे हे वस्तीलाच ठाऊक नसेल, तर त्याचे प्रमाणपत्र भिंतीवरच राहील. त्याचे नाव क्षेत्रसभेत जाहीर व्हावे.

राहता राहिली किल्ली. पूर आला की आसऱ्यासाठी बहुधा शाळाच उघडावी लागते, आणि शाळेची किल्ली दुसऱ्या उपनगरात राहणाऱ्या मुख्याध्यापकांकडे किंवा शिपायाकडे असते. जनगणना आणि निवडणुकांच्या कामाने आधीच पिचलेल्या शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकावे असे कोणी म्हणणार नाही. किल्लीची दुसरी प्रत शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या, सभेने नेमलेल्या दोन रहिवाशांकडे राहावी आणि त्यांची नावे शाळेच्या दारावर लिहिलेली असावीत, एवढा ठराव पुरे आहे. तो करण्यास नवा कायदा लागत नाही. येत्या मे महिन्यात आपल्या भागाची सभा बोलवा, असा अर्ज दहा नागरिकांनी सह्या करून प्रभाग कार्यालयात दिला, तर निदान ती का बोलावली नाही हे तरी कोणाला तरी लेखी सांगावे लागेल.