थंडीत राजधानी कुठे असते?

हिवाळ्यात मोटारीने हिमालयात जायचे ठरवले, की प्रवासाच्या यादीत बर्फ, देवळे आणि सूर्योदयाची ठिकाणे आपोआप येतात. या वेळी मी करीत असलेल्या यादीत मात्र विधानभवने आहेत : डेहराडून, भराडीसैण, सिमला, धरमशाला, जम्मू आणि श्रीनगर. उत्तराखंड, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर या तीन शासनांची मिळून सहा विधानभवने. प्रत्येकाला दोन-दोन का लागतात आणि ऐन थंडीत त्यांतले कोणते उघडे असते, हे नकाशा समोर ठेवून मार्ग आखू लागले की सभागृहातील भाषणांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

पहिली अडचण बर्फाची नसून तारखेची आहे. विश्रामगृहातील खोली दोन महिने आधी राखून ठेवता येते. विधानसभा कधी भरणार, हे तितक्या आधी कळेलच असे नाही. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच बंधन राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ ने घातले आहे. वेळ आणि ठिकाण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरवतात. महाराष्ट्रात एक अधिवेशन संपताना पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर करण्याची प्रथा आहे. तिचे मोल पहाडात समजते. सपाटीवरचा माणूस दोन दिवस आधी कळले तरी रात्रीच्या गाडीने पोहोचतो. चमोली किंवा चंबा जिल्ह्यातील वरच्या गावातून निवेदन घेऊन निघणाऱ्याला आधी रस्ता सुरू आहे का, हे विचारावे लागते.

म्हणून आराखडा नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य असा धरला आहे. पश्चिमेकडून येणारे चक्रावात जानेवारी-फेब्रुवारीत जोर धरतात आणि मोठी हिमवृष्टी बहुधा त्याच काळात होते. डिसेंबरमधला धोका वेगळा असतो. ऊन न पोहोचणाऱ्या वळणांवर रात्री पाणी गोठते आणि त्याचा पातळ थर सकाळी उशिरापर्यंत दिसत नाही. तेव्हा सूर्य वर आल्यावर निघायचे, अंधारापूर्वी थांबायचे आणि प्रत्येक टप्प्यामागे एक दिवस मोकळा ठेवायचा. पर्यटकाला हे परवडते. सरकारी काम असलेल्या माणसाला मोकळ्या दिवसाची किंमत मजुरी बुडवून मोजावी लागते.

पहिला टप्पा डेहराडून ते भराडीसैण. ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि आदिबद्री अशी ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आहे. संपूर्ण दिवस जातो. गढवाल आणि कुमाऊँ यांच्या सीमेजवळचे गैरसैण ही उत्तराखंड आंदोलनाने मनाशी धरलेली राजधानी. ९ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, तेव्हा डेहराडूनला तात्पुरती राजधानी म्हटले गेले. गैरसैणला २०१४ मध्ये अधिवेशन तंबूंत भरले. पुढे जवळच भराडीसैणच्या माथ्यावर विधानभवन उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये गैरसैणला ‘ग्रीष्मकालीन राजधानी’ घोषित करण्यात आले.

या नावातच तडजोड दडलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन डेहराडूनला झाले, कारण अनेक आमदारांनी गैरसैणच्या थंडीकडे बोट दाखवून तशी मागणी केली होती. थंडी खरी आहे, वरच्या माथ्यावर निवासाची सोय अपुरी आहे, हेही खरे. पण त्याच थंडीत त्या परिसरातील शिक्षिका शाळेत जाते, आशा कार्यकर्ती गरोदर स्त्रीच्या घरी पोहोचते आणि बसचालक कर्णप्रयागपर्यंत गाडी उतरवतो. २०११ च्या जनगणनेत या राज्यातील पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन पहाडी जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा घटलेली दिसली. स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी २०१७ मध्ये शासनाने आयोगही नेमला. लोक डोंगर का सोडतात, असा प्रश्न विचारणाऱ्या शासनाने स्वतः डोंगरात एक हिवाळा काढून पाहिला, तर निम्मे उत्तर आयोगाविना मिळेल.

भराडीसैणहून सिमल्याला जायचे तर पुन्हा खाली उतरावे लागते. डोंगरातून जाणाऱ्या आडवाटा आहेत, पण हिवाळ्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही. डेहराडून, पावंटा साहिब, नाहन, सोलन अशा मार्गाने सिमला गाठायचे. एका पहाडी राजधानीतून दुसरीकडे जाण्याची खात्रीची वाट पायथ्याशी येऊन जाते, ही आपल्या रस्तेबांधणीच्या इतिहासाची खूण आहे. रस्ते डोंगराला मैदानाशी जोडण्यासाठी झाले. एका खोऱ्याला दुसऱ्या खोऱ्याशी जोडण्याचे काम मागे राहिले.

सिमल्याचे विधानभवन या सहांतील सर्वांत जुने. १९२५ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळाच्या उन्हाळी बैठकांसाठी बांधले गेले आणि त्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल या कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. इंग्रज सरकार १८६४ पासून उन्हाळ्यात येथे येई आणि थंडी पडू लागली की खाली जाई. उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली, ही रीत डोंगरातील गद्दी आणि बकरवाल मेंढपाळांचीही आहे. फरक एवढाच की, मेंढपाळ कळपाबरोबर जातो; राज्यकर्ते खाली गेले तरी प्रजा वरच राहत असे.

सिमल्याहून बिलासपूर, हमीरपूरमार्गे धरमशालेला पोहोचल्यावर मात्र मराठी वाचकाला ओळखीचे काही दिसेल. कांगडा हा भाग १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबातून हिमाचलात आला. आज विधानसभेच्या ६८ पैकी १५ जागा एकट्या कांगडा जिल्ह्यात आहेत. २००५ पासून हिवाळी अधिवेशन धरमशालेत भरू लागले आणि नंतर तपोवन येथे स्वतंत्र विधानभवन झाले. नागपूरची कथा याहून फार निराळी नाही. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले आणि १९६० पासून ते भरते. नव्याने सामील झालेल्या प्रदेशाला ‘राजधानी तुमच्याकडेही येईल’ असे दिलेले ते वचन होते. दोन्हीकडे तक्रारही सारखीच : अधिवेशन थोडक्या दिवसांत उरकते, मग वर्षभर ती इमारत कोणासाठी?

शेवटचा टप्पा पठाणकोटमार्गे जम्मू आणि तेथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर श्रीनगर. महाराजा रणबीरसिंह यांनी १८७२ मध्ये दरबार हलवण्याची प्रथा सुरू केली : सहा महिने श्रीनगर, सहा महिने जम्मू. २०२१ मध्ये प्रशासनाने ती थांबवली. फायली संगणकावर गेल्या आहेत आणि वर्षाला दोनशे कोटी रुपये वाचतील, असे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्वाचित सरकारने ती पुन्हा सुरू केली. जम्मूच्या व्यापाऱ्यांना ती हवी होती, कारण दरबाराबरोबर काश्मिरी कुटुंबे येत आणि बाजार चालत असे. शिवाय एकमेकांविषयी साशंक असलेले दोन प्रदेश वर्षातून दोनदा एकमेकांच्या शहरात राहत. हिशेबाच्या वहीत या गोष्टीला रकाना नाही.

या रस्त्यावर मोठे काम झाले आहे. २०१७ चा चेनानी-नाशरी बोगदा आणि २०२१ चा बनिहाल-काझीगुंड बोगदा यांनी बर्फाचे दोन अवघड टप्पे टाळले. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही जाते. तरी रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरड कोसळली की महामार्ग बंद पडतो, म्हणून माझ्या आराखड्यात येथे दोन दिवस मोकळे आहेत.

हिमाचलची विधानसभा २०१४ मध्येच कागदरहित झाली. ट्रकभर फायली हलवण्याचे कारण त्यामुळे संपले, हे मान्य करायला हवे. पण आता प्रश्न फायलींचा उरलेला नाही, माणसांचा आहे. मंत्री आणि सचिव ज्या रस्त्याने स्वतः जातात, त्याची दुरुस्ती कशी होते, हे सांगायची गरज नाही. म्हणून मागणी साधी असावी. वर्षाच्या आरंभीच अधिवेशनांची तारीख, ठिकाण आणि किमान दिवस जाहीर व्हावेत. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. दुसऱ्या विधानभवनात अधिवेशन नसेल तेव्हा विनंती अर्ज समिती आणि लोकलेखा समितीच्या बैठका व्हाव्यात, जनसुनावण्या व्हाव्यात. आणि दर तीन वर्षांतून एकदा तरी एक छोटे अधिवेशन, पूर्वतयारी करून, थंडीच्या दिवसांत वरच्या बाजूला भरावे. उत्तराखंडला हे अशक्य नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गैरसैणला हिवाळी अधिवेशन झालेले आहे.

आराखडा जवळजवळ पूर्ण झाला आहे. सहा ठिकाणे, अंतरे, मुक्काम, चाकांच्या साखळ्या, गरम कपडे, सारे लिहून झाले. विधानसभेचे कामकाज प्रेक्षक सज्जातून कोणत्या दिवशी पाहायचे, तो रकाना मात्र पेन्सिलने भरला आहे. मला तो खोडून पुन्हा लिहिता येईल. वरच्या गावातून निवेदन घेऊन निघणाऱ्याला ती सोय नाही.