विजेच्या गाडीस बर्फाची बाधा

मुंबईंत ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तेव्हांपासून तिचा एक शत्रु मुंबईकरांस चांगला परिचित आहे. तो म्हणजे पावसाळ्यांत रुळांवर सांचणारें पाणी. ह्याच पाण्याचें थिजलेलें रूप थंड देशांतील गाड्यांस कसें अडवितें, हें जाणून घेण्यासारखें आहे.

वाफेचें इंजिन आपला कोळसा व पाणी बरोबर घेऊन निघतें. विजेच्या गाडीपाशीं असा सांठा नसतो. तिला आपली शक्ति तारेपासून किंवा रुळापासून क्षणोक्षणीं घ्यावी लागते, आणि तीहि केवळ स्पर्शानें. हा स्पर्श तुटला, कीं सहस्रावधि उतारूंना वाहून नेणारी गाडी लुळी पडते. म्हणूनच बर्फाच्या ढिगाऱ्याइतकेंच भय तिला बर्फाच्या पातळ पापुद्र्याचें असतें.

इंग्लंडच्या दक्षिण भागांत नेहमींच्या दोन रुळांशेजारीं एक तिसरा रूळ असतो. त्यांत ७५० व्होल्ट दाबाची वीज खेळविलेली असते आणि गाडीच्या बाजूस बसविलेले धातूचे ‘बूट’ त्याच्या माथ्यावरून घसरत ती वीज घेतात. रात्रीं पाऊस पडून पहाटे गारठा वाढला, कीं ह्या उघड्या माथ्यावर कांचेसारखा थर चढतो. बर्फांतून वीज सहसा वाहत नाहीं. जेथें डोक्यावरील तारेंत २५,००० व्होल्ट असतात, तेथें वीज असा पातळ थर ओलांडून ठिणग्यांच्या रूपानें उडी घेते. मात्र त्या ठिणग्यांनीं तार व तिला टेकलेली पट्टी ह्या दोन्ही भाजून निघतात. ७५० व्होल्टांच्या अंगीं तेवढें बळ नसतें. थर जरा जाड झाला, कीं गाडी आचके देत थांबते.

ह्यावर उपाय आहेत. रात्रभर रिकाम्या गाड्या फिरवून थर जमूं न देणें, रुळावर गोठण टाळणारा द्रव शिंपडणें, किंवा रूळच तापवीत राहणें, हे त्यांतील प्रमुख होत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाकडे जाणाऱ्या मार्गांवर तर विसाव्या शतकाच्या आरंभींच निराळी युक्ति योजण्यांत आली. तेथें तिसऱ्या रुळास वरून आच्छादन असून बूट त्याला खालून टेकतो. जणूं रुळानें छत्री घेतली आहे! परंतु जुना मार्ग व त्यावरील सर्व गाड्या बदलणें हें प्रचंड खर्चाचें काम असतें.

बर्फ वितळलें म्हणजे संकट टळलें, असेंहि नाहीं. फेब्रुवारी १९९१ मध्यें इंग्लंडांत पडलेलें हिम पिठासारखें कोरडें व बारीक होतें. मोटारी थंड ठेवण्याकरितां ओढून घेतलेल्या हवेबरोबर तें आंत शिरलें, तेथील उष्णतेनें वितळलें आणि मोटारी निकामी झाल्या. रेल्वेच्या ह्या खुलाशाची ‘चुकीच्या जातीचें बर्फ’ म्हणून वर्तमानपत्रांनीं थट्टा केली. परंतु त्यांतील शास्त्र खरें होतें. पुढें ता. १८ डिसेंबर २००९ च्या रात्रीं इंग्लिश खाडीखालील बोगद्यांत पांच युरोस्टार गाड्या बंद पडल्या. बाहेर कडाक्याची थंडी आणि बोगद्यांत उबारा. इंजिनांत शिरलेलें हिम तेथें वितळलें व ओल विजेच्या नाजूक यंत्रणेंत उतरली. तात्पर्य, गोठलेलें पाणी विजेची योग्य वाट अडवितें आणि वितळलेलें पाणी तिला भलतीच वाट दाखवितें.

खरा धोका मात्र गाडी थांबल्यानंतर उद्भवतो. ता. २ मार्च २०१८ च्या सायंकाळीं लंडनच्या लुइशॅम भागांत तिसऱ्या रुळावर बर्फ जमून गाड्या एकीमागें एक अडकल्या. कोंडून कंटाळलेले कांहीं उतारू स्वतःच दारें उघडून खालीं उतरले. ज्या रुळास स्पर्श होतांच प्राण जावयाचा, तो जवळच होता! त्यांच्या रक्षणासाठीं वीज तोडणें भाग पडलें आणि ज्या गाड्या हलूं शकल्या असत्या त्याहि जागच्या जागीं खिळल्या. एका गाडींतील अधीरतेची शिक्षा अनेक गाड्यांतील माणसांस भोगावी लागली.

ता. ६ जून २०२५ रोजीं विजेच्या गाडीनें कटऱ्याहून श्रीनगर गांठलें, तेव्हांपासून हा विषय आपल्याकडेहि केवळ ऐकीव राहिलेला नाहीं. त्या गाडीच्या चालकापुढील कांचेंत बर्फ न धरावें म्हणून ती तापविण्याची सोय केलेली आहे. तार, मोटार व कांच यांची काळजी यंत्रज्ञ घेतील. परंतु अडलेल्या गाडींतील माणसांस वेळीं खरी माहिती देणें आणि त्यांनीं ती मिळेपर्यंत दार न उघडणें, ह्या दोन गोष्टी कोणत्याहि यंत्रावर सोंपवितां येत नाहींत.