जागा झालेला डोळा आणि उशिराची थंडी

2018च्या डिसेंबरअखेरीस आमच्या निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 1.8 अंशांवर आला होता. तेव्हापासून पाहुणे मला विचारतात, "पृथ्वी तापतेय म्हणता, मग हा गारठा कुठून येतो?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगतो.

2021च्या मार्चअखेरीस पॅरिसमध्ये पारा 26 अंशांपर्यंत चढला. त्या उबेनं द्राक्षवेलींचे डोळे वेळेआधी फुटले, आणि आठवडाभरातच तापमान शून्याखाली गेलं. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत मेणाच्या बुधल्या पेटवल्या, तरी कोवळी फूट काळी पडली. पानं गाळून झोपलेली तीच वेल उणे 15 अंशही सोसते. फुटलेला हिरवा कोंब मात्र उणे 2 अंशांच्या आसपास मरतो. शास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला. तापमानवाढीमुळे ती थंडी खरं तर थोडी सौम्यच झाली होती, पण डोळे लवकर फुटू लागल्यानं ऐन वाढीत अशी थंडी गाठण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे नुसता थंडीचा आकडा पाहून भागत नाही. ती आली तेव्हा झाड कोणत्या अवस्थेत होतं, हेही पाहावं लागतं.

कोंब मरतो तो असा: पेशींच्या मधल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकते, तिचं आवरण फाटतं. म्हणूनच गोठून मेलेलं पान ऊन लागलं की भाजल्यासारखं दिसतं.

आमच्या निफाडच्या द्राक्षवेलीला तर झोपच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि थंडी येते तेव्हा वेलीवर घड लोंबत असतात. पारा शून्यावर जायचीही गरज नसते. दहाच्या खाली काही दिवस राहिला तरी मुळं मंदावतात, फुगवण थांबते, भुरी डोकं वर काढते. पाणी उतरलेले मणी तडकतात. वर्षभराचा खर्च त्या मण्यांत असतो, आणि तडकलेला घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. त्यातच परतीचा पाऊस लांबतो. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यानं बागा धुऊन काढल्या, तेव्हापासून बरेच जण छाटणी मागे ढकलतात. पावसातून वाचवलेला माल मग कोवळ्या वयात कडाक्याच्या थंडीत सापडतो. बदलत्या हवामानाचा हा दुहेरी मार मला सगळ्यात घातक वाटतो.

पहाटे ठिबकनं विहिरीचं पाणी द्यायचं, बांधावर शेकोट्या करायच्या, एवढंच आमच्या हाती. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते मुळांना आधार देतं. पण पाणी नेमकं कोणत्या पहाटे सोडायचं? निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता सोडते आणि जड गार हवा उतारावरून खाली येऊन सखल जागी साचते. गोदावरी-कादवेच्या काठच्या खोलगट शिवारात माळापेक्षा पारा दोन-तीन अंशांनी खाली असू शकतो. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राला तो फरक दिसत नाही, आणि फळपीक विमा तर त्याच केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्रं शिवारागणिक हवीत, ही मागणी आपण ग्रामसभेतून लावून धरली पाहिजे. तोवर बागायतदारांनो, आपल्या बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीवर, एक साधा तापमापक टांगा आणि सूर्योदयाआधीचा आकडा रोज वहीत लिहून ठेवा.